रंग चावल्याशिवाय धरत नाही

तुर्सुनोय आत्या फाटकातून आत आली ती सरळ चुलीपाशी. दुवा-सलाम मागाहून. आधी तिने रुमालाच्या गाठीतली पुडी सोडली, जमिराच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "हे घे. दहा मिनिटांत केस कोळशासारखे काळे. तो रंगाचा पाला भिजत घातलायस ना, तो दे कोंबड्यांना."

"आत्या, पहाटेपासून भिजतोय तो."

"आणि संध्याकाळपर्यंत भिजेल. व्याह्यांकडच्या बायका दुपारी येणार. त्यांच्यासमोर काय डोक्याला चिखल थापून बसायचं?"

जमिराने पुडी फळीवर ठेवली आणि आत्यासाठी चहा ओतला. ती या घरची एकुलती एक सून. इतक्या वर्षांत ती एवढं शिकली होती की आत्याच्या पोटात चहा गेल्याशिवाय तिच्याशी वाद घालायचा नाही, आणि चहा गेल्यावर घालून उपयोग नाही.

आत्याच्या भावाला, जमिराच्या सासऱ्याला, म्हणजे रंगारी एर्गश उस्ताला, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर घरातल्या बायकांनी दुखवट्याचं निळं घातलं. डोळ्यांत सुरमा नाही, भुवयांना उस्म्याच्या पाल्याचा रस नाही, केसांना रंग नाही, आणि नात शहलोचं ठरलेलं लग्न तेवढं लांबणीवर. आज ते निळं उतरायचं. मार्गिलान गावात ते सगळ्याच घरांत उतरतं, पण हे पडलं रेशीम रंगवणाऱ्यांचं घर. इथे निळं उतरलं की घरची मोठी बाई एका वाटीत रंग कालवते आणि लेक, सून, नणंद, सगळ्यांच्या डोक्याला स्वतःच्या हाताने पहिला लपका लावते. वाटी एकच. दोन वाट्या झाल्या की दोन घरं झाली, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. ज्या डोक्याला तो हात लागला त्याचा दुखवटा संपला, आणि वर्षभरात कुणाबद्दल काही मनात धरलेलं असेल तर तेही संपलं. ज्या डोक्याला लागला नाही ते डोकं परक्याचं.

इनोबत ओसरीवर बसून पुलावासाठी गाजरं चिरत होती. उस्ताची ही लेक काल संध्याकाळी परदेशातून, कझानहून, आली होती. तिथे ती म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या कामावर होती. बाप गेला तेव्हा ती आली नव्हती. तिकीट मिळालं नाही, असं तिने फोनवर सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून तिची आई, रोहत, तिच्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती. फोन केला की "कोबिलला देते" म्हणायची आणि खरंच भावाच्या हातात फोन द्यायची. काल फाटकात आईने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, पण ते शेजारणीचं घ्यावं तसं.

आणि आज सकाळी जमिरा येऊन म्हणाली होती, "सासूबाईंनी सांगितलंय, आधी तुझं डोकं घेणार. आत्याच्याही आधी."

इनोबतच्या हातातली सुरी तेव्हा थांबली होती. आई बोलणार नव्हती, ते तिला ठाऊक होतं. आईला बोलता येतच नव्हतं, तिला करता येत होतं. सगळ्यांदेखत सगळ्यात आधी डोक्यावर हात, याहून मोठी क्षमा या घरात नव्हती. गाजरं चिरता चिरता तिने हलकेच गुणगुणायला सुरुवातसुद्धा केली होती.

आता ती उठली, हात पुसले आणि फळीवरची पुडी उघडून बघितली. आत तपकिरी-काळी भुकटी. ना नाव, ना गाव. वास घेतला आणि पुडी पटकन मिटली.

"आत्या, ही पाल्याची पूड नाही. पाल्याची पूड हिरवी असते."

"मला शिकव. तू कझानला काय शिकलीस तेवढं मला शिकवायचं राहिलंय." आत्याने पियाला खाली ठेवला. "बाजारातली माझी ओळखीची बाई आहे. म्हणाली पालाच आहे, जरा कडक केलाय."

"कडक म्हणजे त्यात औषध मिसळलंय. त्यानेच काळं होतं लवकर. अंगावर उठतं ते."

"उठू दे की! माझे कान दर वेळी आठवडाभर सोलून निघतात. मी कधी तक्रार केली? रंग चावल्याशिवाय धरत नाही, पोरी. तुझ्या बापाचं वाक्य आहे."

वाक्य बापाचं होतं, यात वाद नव्हता. रेशमाच्या लडीला आधी तुरटीच्या पाण्यात उकळायचं, तुरटी धाग्याला चावते, मग त्या चाव्यात रंग बसतो. न चावलेला रंग पहिल्या धुण्यात ओढ्याला जातो. हे या घरातली पोरं बोलायला लागायच्या आत शिकत. पण रेशमाचा नियम यांनी कधी डोक्याच्या कातडीला लावला, ते कुणालाच आठवत नव्हतं. केस रंगवल्यावर खाज सुटली की घरातल्या बायका खूश होत. खाजतंय, म्हणजे धरलाय. रंगाऱ्याच्या घराला रंग बाधत नाही, ही वर मिजास.

इनोबतही वर्षानुवर्षं तशीच खूश होत आली होती. आधी कानामागे खाजायचं, मग मानेवर पुरळ यायचं, मग एकदा एक पापणी सुजली. दर वेळी थोडं जास्त. दर वेळी ती म्हणाली, धरला. आणि गेल्या शरदात, बापाला भेटायला निघायच्या आदल्या संध्याकाळी, तिने दुकानातून डबी आणली. डबीवर लिहिलं होतं, आधी कानामागे थेंब लावा आणि दोन दिवस थांबा. दोन दिवस कुठून आणायचे? उद्या विमान होतं. वर चांगला काळा व्हावा म्हणून तिने सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला. रात्री डोकं जळायला लागलं. पहाटे डोळे उघडेनात, ओठ फुगले, आणि घसा असा आवळत आला की शेजारणीला हाक मारता येईना, भिंतीवर भांडं आपटून बोलवावं लागलं. विमान गेलं तेव्हा ती दवाखान्यात सुया टोचून घेत होती. तिथेच कोबिलचा फोन आला. बाप गेला होता, आणि आपल्यात माणसाला उन्हं कलायच्या आत मातीत ठेवतात.

बाप मरत होता तेव्हा मी केस रंगवत होते, असं कोण सांगेल? ती म्हणाली, तिकीट मिळालं नाही.

आता पुढ्यात पुडी होती. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं तर आईचा हात कशाला लागेल डोक्याला? इकडे आड, तिकडे विहीर.

तिने जमिराला हाताला धरून मागच्या रंगखान्यात नेलं. कढया पालथ्या घातलेल्या होत्या. उस्ता गेल्यापासून तिथे चूल पेटली नव्हती.

"वहिनी, मला तो रंग लावून घेता येणार नाही."

"का? नवस बोललीस?"

इनोबतने सांगितलं. सगळं सांगितलं, डबीपासून दवाखान्यापर्यंत. जमिरा उभ्यानेच ऐकत होती. संपल्यावर बोलली ती हळू आवाजात.

"मी पाच महिने त्यांचं तोंड पुसलं. कूस बदलली. रात्री खोकला आला की आधी मी उठायची, तुझा भाऊ घोरत असायचा. ते दर फोनला विचारायचे, इनोबत का? आणि तू तिथे केस रंगवत होतीस."

"हो."

"वर आम्हाला तिकीट सांगितलंस."

"हो, वहिनी."

"बरं झालं मला सांगितलंस," जमिरा म्हणाली, पण तिच्या आवाजात बरं झाल्यासारखं काही नव्हतं. ती दारापर्यंत गेली, तिथून परत आली. "अगं पण लावून घेतलंस तर काय होईल? खरं सांग. थोडंसंच. सासूबाई लावतील, मी लगेच धुते."

"डॉक्टरीणबाईने बजावलंय. थोडंसुद्धा नाही, घटकाभरही नाही. कानामागे लावून बघू म्हणूनसुद्धा नाही. ते करून बघायचं ज्यांना कधी त्रास झाला नाही त्यांनी. माझं अंग आता त्याला ओळखतं. पुढच्या वेळी घसा पुरता बंद व्हायचा."

जमिराने कपाळाला हात लावला. "या अल्ला. आणि मी पहाटे उठून पाला भिजवला. त्याने झालं असतं?"

"घरच्या पाल्याने काही झालं नसतं कदाचित. पण तो कोंबड्यांना गेला."

"गेला नाही अजून." जमिरा खिन्न हसली. "पण काय उपयोग? तुझ्यासाठी वेगळी वाटी केली तर आत्या वेशीवर जाऊन दवंडी पिटेल. ऐक माझं. दुखत्या माणसाला सोडतात. म्हणायचं, डोकं फुटतंय, उलट्या होतायत. मी साक्ष देते. खरं मात्र बोलू नकोस. सासूबाई आता कुठे वळल्यात. हे ऐकलं तर तुझं तोंड बघणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही."

मघाशी दुखावलेली वहिनी अशी तिच्या बाजूची झाली, पण खोटं बोलायच्या अटीवर.

कोबिलचं वेगळंच होतं. तो अंगणात द्राक्षवेलीखाली चौकीवर गालिचे अंथरत होता. इनोबत त्याच्याजवळ गेली आणि एवढंच म्हणाली, "कोबिल-अका, मला तो रंग सोसत नाही. आईला जरा सांगशील?"

"रंग सोसत नाही?" कोबिलने गालिचा सोडला. "एर्गश उस्ताच्या लेकीला? हळू बोल. व्याही ऐकतील तर म्हणतील, माशाच्या पोराला पाण्याचं वावडं."

"खरंच सांगतेय."

"इनोबत, माझं ऐक." त्याने दोन्ही हात जोडल्यासारखे केले. "माझी पोर वर्षभर थांबलीय. तिची सासू आज येऊन बघणार, की दुखवटा नीट उठला की नाही, घर एक आहे की नाही. सगळ्या पेठेला माहीत आहे आई तुझ्याशी बोलत नाही ते. आज तिने हात पुढे केला आणि तू डोकं मागे घेतलंस तर उद्या काय बोलतील? घे लावून. खाजेल दोन दिवस. मी काय मेलो का, त्या कढयांत कोपरापर्यंत हात घालून?"

"तुझ्या हातांना काय झालंय ते बघ आधी."

कोबिलने हात मागे घेतले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी जाड होऊन भेगाळली होती, वर्षानुवर्षांची. "ते कामाचं आहे," तो म्हणाला आणि पुन्हा गालिच्याकडे वळला. त्याच्याकडून काही होणार नव्हतं.

आईशी एकटीने बोलावं म्हणून ती आतल्या खोलीकडे गेली, तर दारातच आत्या. "आत नको. कपडे बदलतेय ती. आणि ऐक, आज तिला काही सांगायचं-विचारायचं नाही. मी वर्षभर तिच्या मागे लागले तेव्हा कुठे तुझं नाव घेतलं तिने. माझी मेहनत वाया घालवू नकोस." आत्याचे डोळे भरून आले होते, हे इनोबतने बघितलं. आत्या खवचट होती, पण खोटी नव्हती. तिच्या भावाची लेक होती ही.

दुपारी बायका जमल्या. शहलोची होणारी सासू जाडजूड, हसरी बाई होती. तिने आल्या आल्या सगळीकडे नजर फिरवली आणि नान आवडल्याचं सांगितलं. शेजारची म्हातारी ओतिन, जिला दुवा पढायचा मान होता, ती पढली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग रोहत मधे येऊन बसली. तिने निळा झगा उतरवला होता, अंगात फिकट रंगाचा नवा होता, आणि ती एकदम किती बारीक झालीय ते सगळ्यांना दिसलं. जमिराने वाटी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. आत्याच्या पुडीतलाच रंग, रोहतने कालवला तसा काळाभोर झाला.

"इनोबत," रोहत म्हणाली.

वर्षभरात आईच्या तोंडून थेट तिचं नाव ते पहिलं. इनोबत उठली. आईसमोर जाऊन गुडघे टेकून बसली. आईने तिच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बायकांमध्ये कुजबुज उठली. कपाळापासून कानापर्यंत केस पांढरे होते, खाली जुना काळा रंग चार बोटं उरलेला. दुखवट्याने झाले, कुणीतरी हळहळलं. रोहतने बोटं वाटीत बुडवली. हाताला काही गुंडाळायची या घरात पद्धतच नव्हती. काळी बोटं वर आली आणि इनोबतच्या भांगाकडे आली.

इनोबतने डोकं मागे घेतलं.

अंगणात कढईत तेल तडतडत होतं ते ऐकू येऊ लागलं. शहलोच्या सासूने घास तोंडापाशीच धरला.

"सासूबाई, तिचं डोकं दुखतंय सकाळपासून," जमिरा पुढे आली. "मीच म्हटलं होतं तिला, आज..."

"हिला नेहमी काहीतरी होतं," रोहत म्हणाली. बोटं हवेतच होती, रंग मनगटाकडे ओघळत होता. "तेव्हा तिकीट मिळालं नाही. आज डोकं दुखतंय. जा, इनोबत. मी समजले. नको असेल माझा हात तर जा."

"नको नाहीये, आई."

"मग?"

जमिरा मागून डोळ्यांनी नाही नाही म्हणत होती. आत्याने ओठ घट्ट मिटले होते. इनोबतने आईच्या बोटांकडे बघितलं. डोकेदुखी पुढे रेटता आली असती. पण त्या हाताला फसवायचं तिच्या जिवावर आलं.

"मला हा रंग लावला तर मी मरेन," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. गेल्या वर्षी मरता मरता वाचले. तिकीट होतं माझ्याकडे, आई. काढलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी केस रंगवले. डबीवर लिहिलं होतं, आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस थांबा, पण मी थांबले नाही. तोंड सुजलं, श्वास अडकला, मला दवाखान्यात नेलं. विमान गेलं. बाबा गेले ते मला तिथेच कळलं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

पहिला स्फोट आत्याचा झाला. "बाप मरत होता आणि ही केस रंगवत होती! ऐकलंत का बायांनो? माझा भाऊ तिकडे श्वास मोजतोय आणि ही इकडे आरशासमोर! नटूनथटून यायचं होतं का मयताला?"

"मयताला नाही, आत्या. मी त्यांना भेटायला निघाले होते. ते जातील असं मला वाटलंच नव्हतं."

"पण रंग कशाला? कुणाला दाखवायचे होते केस?"

"त्यांनाच," इनोबत म्हणाली आणि आता तिला रडू आवरेना. "मी कझानला गेले तेव्हा केस काळे होते. मधल्या काळात अशी झाले. त्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, माझी पोर म्हातारी झाली, कझानने खाल्ली. त्यांच्या जिवाला लागलं असतं. त्यांना काळेच केस दिसू देत, एवढंच होतं डोक्यात."

"रंगाऱ्याच्या पोरीला म्हणे रंगाने मारलं," आत्या म्हणाली, पण तिच्या आवाजातला जोर गेला होता. नकळत तिचा हात स्वतःच्या कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

रोहत हलली नव्हती. काळी बोटं तिने मांडीवर ठेवली होती. नव्या झग्यावर डाग पडत होता, तिचं लक्ष नव्हतं. कोबिल बायकांत येत नाही, पण तो दाराआड येऊन उभा होता हे सगळ्यांना दिसत होतं.

"कोणत्या दिवशी रंगवलेस?" रोहतने विचारलं.

"मंगळवारी. संध्याकाळी."

रोहतने मान हलवली. जणू तिने काहीतरी जुळवून बघितलं.

"मंगळवारी सकाळी तू फोन केला होतास, उद्या येते म्हणून," ती म्हणाली. ती इनोबतशी बोलत होती की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "मी त्याला सांगितलं. त्याला बोलवत नव्हतं. हाताने दाढी दाखवली. मला आधी कळेना. मग म्हणाला, काळी कर. मी म्हटलं, वेड लागलं का, या अवस्थेत, मशिदीतले काय म्हणतील? म्हणाला, पोर येतेय. अशी दाढी बघून घाबरेल. दाराशीच रडायला लागेल."

आत्याने तोंडावर हात नेला. "रोहत..."

"त्यानेच सांगितलं काय घालायचं. अक्रोडाची साल, थोडा पाला. आवाज निघत नव्हता, तरी प्रमाण चुकू दिलं नाही. जमिराला मी झोपायला पाठवलं आणि एकटीने लावला. उशीवर डाग पडले ते पहाटे धुतले. तुम्हाला कुणाला कळू दिलं नाही. मरणाऱ्या माणसाची दाढी रंगवली म्हटल्यावर लोक काय बोलले असते? न्हाऊ घालणाऱ्यांनी बघितलं. ते सज्जन, गप्प बसले."

"मी बघितली होती, आई," दाराआडून कोबिल म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "न्हाऊ घालताना. मला वाटलं, मलाच भास होतोय."

"बुधवारी सकाळपासून त्याने उशी उंच करून घेतली," रोहत म्हणाली. "काळी दाढी घेऊन फाटकाकडे तोंड करून बसला. गाडीचा आवाज आला की मान वर. मी म्हणायची, येईल, येईल. दुपारी मान खाली गेली ती वर आली नाही." ती थांबली. मग पहिल्यांदा तिने लेकीच्या डोळ्यांत बघितलं. "तो नटून बसला होता गं तुझ्यासाठी. आणि तू तिकीट मिळालं नाही म्हणालीस. तिकीट! तुला माहीत नाही मी वर्षभर तुझा किती राग केला."

"माहीत आहे, आई."

"नाही माहीत."

शहलोची सासू उघड रडत होती, रुमालाने डोळे टिपून पुन्हा रडत होती. घर एक आहे की नाही ते बघायचं ती विसरून गेली होती.

रोहतने वाटी बाजूला सरकवली. "जमिरा, हे ओतून टाक. कोंबड्यांच्या वाटेवर नको. तुझा पाला असेल तर तो घेऊन ये."

"अहो, त्याला वेळ लागेल, सासूबाई. संध्याकाळ होईल."

"होऊ दे. कुणाला घाई आहे?" कुणालाच घाई नव्हती, आत्यालासुद्धा. "आणि त्यातलाही आज कुणी डोक्याला लावायचा नाही. कानामागे एकेक थेंब लावून घ्या. दोन दिवस बघू काय होतं ते, मग लावू. आधी तुर्सुनोयचे कान बघा, मघापासून हात तिथेच आहे तिचा."

"माझे कान माझ्यापाशी," आत्या म्हणाली, पण सरकून उजेडात बसली आणि रुमाल सैल केला. कानामागे वर्षानुवर्षं सोलून निघालेल्या कातडीच्या खुणा होत्या. जमिराने बघितलं आणि चक्‌ केलं.

रोहत उठली, तांब्यातल्या पाण्याने हात धुवायला लागली. काळा रंग सहज जाणारा नव्हता. तिने साबण लावून, राख लावून, पुन्हा साबण लावून बोटं घासली. इनोबत तिथेच गुडघ्यांवर बसून होती, उघड्या डोक्याने. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. हात पुरते निघाले नाहीत, नखांत काळं राहिलंच. रोहतने ते उजेडात धरून बघितले, कोरड्या फडक्याने पुसले, तरी तिचं समाधान होईना. मग तिने शहलोकडून लाकडी कंगवा मागून घेतला, लेकीच्या मागे येऊन बसली आणि कंगव्याच्या टोकाने तिचा भांग पाडला, बोटं लागणार नाहीत असा जपून.

"इथे जास्त पिकलेत," ती म्हणाली.

"हो."

"त्याचे पण इथूनच पिकायला लागले होते. तो लपवायचा." तिने कंगवा कपाळापासून मागे ओढला, हळूच, गुंता अडला तिथे थांबत. "दोघं एकसारखी वेडी. मला आधी सांगितलं असतंत तर मी दोघांनाही सांगितलं असतं, की असू देत पांढरे."